गोड भाकरी

"मग त्यात माझं चुकलं काय, तेवढं सांगा."

निवृत्ती आचाऱ्यानं पुन्हा तेच विचारलं.

सोमगिरी बुवांनी मान वर केली नाही. एक पाय विळीच्या पाटावर, समोर लाल भोपळा. भोपळ्याची साल निबर होती, विळीला दाद देत नव्हती.

"बुवा, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय की. हातानं चिरतोय, कानानं नाही."

निवृत्ती खांबाला टेकून बसला. भोपळ्याकडं बघवत नव्हतं त्याला.

"आज नेमका हाच मिळाला का तुम्हाला?"

"वेलाला हाच लागला."

आंबेखिंडीचा मठ म्हणजे काही मोठं संस्थान नव्हे. पत्र्याचं छप्पर, एक धुनी, एक चूल, आणि खिंडीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला दुपारचं जेवण. प्रवचन नाही. ज्याला प्रवचन ऐकायचं त्यानं तालुक्याला जावं, तिथं मांडव घालून पुष्कळजण बसलेत. बुवांना बोलायचाच कंटाळा.

ह्याच चुलीवर निवृत्ती शिकला. मिसरूड फुटायच्या आधी घरातून पळून आला होता. बुवांनी काहीएक न विचारता काठवटीपुढं बसवला आणि पीठ मळायला लावलं. भाकरी थापताना तुटली की ती ज्यानं थापली त्यानंच खायची. मोडकी भाकरी पंगतीला जायची नाही, असा मठाचा कायदा. पोरगं बरेच दिवस नुसत्या मोडक्या भाकऱ्यांवर जगलं. मग हात बसला. असा बसला की निवृत्तीची भाकरी निखाऱ्याला लावली की टम्म व्हायची, पदर असा सुटायचा की बाया बघायला यायच्या.

मठाचा आणखी एक कायदा होता. नाव घेऊन वाढायचं. भांडं घेऊन पंगतीत फिरताना एकेका पानापुढं थांबायचं आणि भांड्यात काय काय आहे ते सांगायचं. वांगं, बटाटा, कूट, तेल. समोरच्यानं मान हलवली तर वाढायचं. नाही हलवली तर पुढं सरकायचं. आग्रह नाही. "घ्या हो जरासं" नाही.

तो कायदा निवृत्तीनं, लग्नांच्या पंगती करायला खिंड उतरला त्या दिवशीच गुंडाळून ठेवला.

"लग्नाच्या पंगतीत नावं घेत बसलो तर नवरा-नवरी म्हातारी होतील," असं तो चारचौघांत सांगायचा. लोक हसायचे. त्यांना काय, त्यांना जेवायला मिळाल्याशी मतलब. आणि निवृत्तीच्या हाताला चव होती, ते खोटं नाही. त्याच्या तारखेसाठी लोक लग्नाची तारीख पुढं ढकलायचे.

आज त्याची दाढी वाढलेली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मी बाप आहे तिचा," तो म्हणाला. "वैरी नाही. विष नाही कालवलं मी."

"काय कालवलंस?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"तू सांग. नाव घेऊन सांग."

निवृत्तीनं मान दुसरीकडं वळवली…

"भोपळा."

चुलीपुढं साळूबाई भाकऱ्या थापत होती. नवरा गेल्यापासून मठात राहिलेली बाई. तिचा हात थांबला, तोंड काही थांबलं नाही.

"वा! हजार पानांचे मालक, आणि घरातल्या एका पानात चोरी!"

"साळूबाई, तुम्ही गप बसा."

"का? मी काय तुझ्या लग्नात जेवायला आलेय?"

निवृत्तीला एकच पोरगी. मंजुळा. जन्मल्यापासून खाण्याची कटकट. हिरवं दिसलं की तोंड मिटायचं, तांबडं दिसलं की तोंड फिरायचं. भात, दूध, गूळ, भाकरी. बस्. आई ताट घेऊन घरभर मागं पळायची. शेवटी डॉक्टरनं पोरीची पापणी खाली ओढली आणि म्हणाला, रक्तच नाही हिच्या अंगात, भाज्या खाऊ घाला.

आता आचारी माणसाला असं ऐकवणं म्हणजे मुस्काटात मारल्यासारखंच. सगळ्या तालुक्याची तोंडं ह्यानं जिंकलेली, आणि घरातलं एवढंसं तोंड उघडत नाही!

मग ह्यानं डोकं चालवलं. दुधी किसून थालिपिठात. गाजर शिजवून घोटून खिरीत. पण खरी करामत भोपळ्याची. लाल भोपळा उकडायचा, साल काढायची, फडक्यातून गाळायचा आणि ज्वारीच्या पिठात मळायचा. भाकरी जराशी पिवळी दिसायची. ज्वारी नवी आहे, असं सांगितलं.

पोरगी खायला लागली. नुसती खायला नाही, मागून खायला लागली.

"आप्पा, तुमची भाकरी गोड लागते. आईची नाही लागत तशी."

आई पदर तोंडाला लावून हसायची. आळीतल्या बाया युक्ती विचारायला यायच्या. हल्ली ह्या विद्येला मोठा भाव आहे. पोराला फसवून चार घास घातले की आया एकमेकींना टाळ्या देतात, आणि बाप मिशीवरून हात फिरवतो. ते पोर आपल्याकडं बघून निर्धास्त तोंड उघडतंय, ह्याचं कुणाला काही वाटत नाही.

बरं, इथवर असतं तरी खपलं असतं.

पण मग ठकूबाई आजारी पडली. ठकूबाई म्हणजे निवृत्तीची आई. छातीत पाणी झालं होतं. तिची मठावर भारी श्रद्धा, म्हणून तिला खुर्चीत बसवून खिंडीत आणली. आणि मठाची रीत अशी की आपल्या माणसासाठी काही मागायचं असेल तर रानात पिकणारी एक वस्तू सोडायची. तिची फोड, पान, दाणा, जे असेल ते धुनीत टाकायचं. टाकलं की जन्मभर ती वस्तू तोंडात घालायची नाही.

निवृत्तीनं तंबाखू सोडली. बायकोनं हरभऱ्याची भाजी सोडली. आणि मंजुळेनं फ्रॉकच्या खिशातून भोपळ्याची फोड काढली. घरून घेऊन आली होती, सुकून वेडीवाकडी झालेली.

सगळे हसले. निवृत्ती तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"अगं बये," साळूबाई म्हणाली होती, "आवडतं ते सोडायचं असतं. हे तर तू आधीच सोडलेलं आहे."

पोरगी हसली नाही.

"गूळ सोडला तर एखाद्या दिवशी चुकून खाईन," ती म्हणाली. "भोपळा मी चुकूनसुद्धा खाणार नाही. म्हणजे आजी नक्की बरी होईल."

बुवा हसले नव्हते. त्यांनी ती फोड तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या हातानं धुनीत ठेवली.

त्याच संध्याकाळी घरी जाऊन निवृत्तीनं पिठात भोपळा मळला.

"का रे?" विळी थांबवून बुवांनी आता विचारलं. "तेव्हा तरी थांबायचंस."

"कसा थांबणार? बंद केला असता तर चव बदलली असती. पोरीला कळलं असतं ना!"

बुवांनी पुढची फोड विळीवर धरली.

"आणि पोरखेळ वाटला मला तो," निवृत्ती म्हणाला. "मला काय ठाऊक, आई जाईल म्हणून."

आई गेली. तेराव्याचं जेवण निवृत्तीनं स्वतः केलं. पाहुणे तृप्त झाले, पान खात ओसरीवर बसले. कुणीतरी म्हणालं, मंजुळेच्या गालांवर रंग आला हो, काय खाऊ घालतोस? झालं. ह्याची जीभ सुटली. अहो, भोपळा! ज्याचं नाव काढलं तरी पळते तो भोपळा! रोज खातेय आणि पत्ता नाही! पाहुण्यांनी मांडीवर थापा मारल्या. तेराव्याला माणसं इतकी हसलेली त्या घरानं पाहिली नव्हती.

पोरगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. हातात अर्धी भाकरी.

ती रडली नाही. ओरडली नाही. तिनं भाकरीचा पदर उचलला आणि आत बघितलं. बराच वेळ बघत होती. मग भाकरी ताटात ठेवली आणि चुळा भरत बसली. एकामागून एक. पाणी संपलं तेव्हा उठली.

तेव्हापासून ती सालीचंच खाते. साल स्वतः सोलायची. शेंगा, केळं, उकडलेलं अंडं. टरफल जरा फुटलेलं असलं तरी टाकून देते. पाणीसुद्धा स्वतः भरून घेते. गालांवरचा रंग गेला, गालही गेले. डॉक्टर म्हणतो, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, सुईनं अन्न द्यावं लागेल.

आत्तासुद्धा ती बाहेर पारावर बसली होती. मांडीवर शेंगांची पिशवी. एक शेंग घ्यायची, कानाशी हलवायची, फोडायची, दाणा उजेडात धरायचा, मग तोंडात टाकायची.

"मग आता माझ्याकडं काय काम?" बुवा म्हणाले.

निवृत्ती पुढं सरकला. आवाज खाली आणला.

"तुम्ही एक शब्द टाका. म्हणावं, तो भोपळा नव्हताच. दुधी होता. बापानं पाहुण्यांपुढं फुशारकी मारली. तुमच्या तोंडचं मानेल ती. फोड तुमच्या हातानं धुनीत गेलीय."

बुवांनी चिरलेल्या फोडी परातीत सारल्या.

"बुवा, ती म्हणते, आजी माझ्यामुळं गेली."

गडी तसा रडणारा नव्हे. नाक पुसलं, इकडंतिकडं बघितलं.

"आणि… थोडा अंगारा द्या."

"कपाळाला लावायला?"

"कपाळाला लावून घेत नाही ती. पिठात मिसळतो. चिमूटभर. कळायचं नाही तिला."

साळूबाईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीतच पडायची राहिली.

"ऐकलंत का बुवा? आता राख चारणार पोरीला! आधी ह्याचे हात बांधा!"

बुवांनी भोपळ्याची शेवटची फोड परातीत टाकली. विळी मिटली. उठले आणि परात चुलीपाशी नेऊन ठेवली.

दुपारी पंगत बसली. दोन मेंढके, एक बांगड्या विकणारा, त्याची बायको, आणि खिंडीपलीकडच्या गावची दोन-चार माणसं. मंजुळा कडेला येऊन बसली, पण पत्रावळ घेतली नाही. गुडघे पोटाशी, पिशवी कुशीत. निवृत्ती खांबाआड उभा राहिला.

बुवा भाजीचं भांडं घेऊन निघाले. एकेका पानापुढं थांबत.

"भोपळा. तेल. मिरची. मीठ. शेंगांचं कूट."

मेंढके माना हलवत होते. बांगडीवाला म्हणाला, "बुवा, नावं कशाला घेता? भूक लागलीय. दगड वाढलेत तरी खाऊ."

"दगड असला तर दगड म्हणून सांगेन," बुवा म्हणाले आणि पुढं सरकले.

मंजुळेपुढं आले. तिच्यापुढं पान नव्हतं, तरी थांबले.

"भोपळा. तेल. मिरची. मीठ. शेंगांचं कूट."

पोरीनं पाय आणखी जवळ ओढले.

"नको."

बुवा पुढं गेले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मग भाकऱ्यांची टोपली घेऊन पुन्हा आले.

"ज्वारी. पाणी. मीठ."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"पीठ कुणी मळलं?"

"साळूनं. मी समोर होतो."

पोरीनं विचार केला. मग हात पुढं केला.

भाकरी घेतली, फोडली, आत बघितलं, वास घेतला. एक तुकडा तोंडात घातला. चावला. मग दुसरा. मग भराभर. कोरडीच. बांगडीवाल्याची बायको तिच्याकडं बघून डोळे पुसायला लागली. बायकांना काय, कुणाचंही पोर जेवताना बघून रडू येतं.

खांबाआड निवृत्तीनं श्वास सोडला. पोरगी जेवली. देवा, जेवली… जेवली, पण परक्याच्या हातचं. साळूबाईची ती जाड, कडेला करपलेली भाकरी. तिला भाकरी म्हणायचं!

"बुवा."

पोरीचा आवाज बारीक, पण सगळी पंगत थांबली.

"मी भोपळा खाल्ला का?"

निवृत्ती खांबाआडून बाहेर आला. बुवांकडं बघून त्यानं हात जोडले. ओठांनी नुसतंच म्हणाला, दुधी… दुधी…

बुवांनी त्याला बघितलं. टोपली खाली ठेवली. पोरीसमोर उकिडवे बसले.

"खाल्लास."

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

पोरीनं हातातला तुकडा मुठीत धरला. निवृत्तीनं भिंतीवर हात आपटला. काय माणूस आहे हा! एका शब्दाचं काम होतं. एका शब्दानं पोर सुटलं असतं!

"आजी त्यामुळं गेली?"

"नाही."

"कशावरून?"

"तिच्या छातीत पाणी भरलं होतं. तुम्ही तिला इथं घेऊन आलात ना, तेव्हाच मला दिसत होतं. ती राहायची नव्हती. तू काहीही सोडलं असतंस तरी राहायची नव्हती."

पोरगी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. लहान पोरांचं असं बघणं फार वाईट. मोठ्या माणसाला नजर चुकवायला जागा राहत नाही.

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

मेंढक्यांनी माना खाली घातल्या.

"तू फोड घेऊन आली होतीस," बुवा म्हणाले. "मला धीर झाला नाही."

"म्हणजे तुम्ही पण."

"मी पण."

पोरीनं ह्याचा विचार केला. रागावली की नाही, ते तोंडावरून कळेना. मग हातातला तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागली.

निवृत्ती तिथून निघाला तो थेट चुलीपाशी.

"सरका," तो साळूबाईला म्हणाला.

"काय घालतोस त्यात? अंगारा नको का?"

साळूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट उठली.

निवृत्तीनं काठवट पुढ्यात ओढली. हात घासून धुतले. मग मोठ्यानं बोलायला लागला, पंगतीपर्यंत ऐकू जाईल असं.

"मंजे, बघ. ही ज्वारी. हे मीठ. हे पाणी, कढत. दुसरं काही नाही. बघ, माझे हात बघ."

पोरगी दारात येऊन उभी राहिली. चौकटीला धरून. आत आली नाही.

निवृत्तीनं पीठ मळलं. असं मळलं, जणू मठात पहिल्यांदा मळत असावा. गोळा केला, थापला, कडा सारख्या केल्या, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याला लावली. भाकरी हळूहळू उचलली. मग एकदम फुगली. पांढरी, गोल, कुठं चीर नाही, कुठं डाग नाही. साळूबाईच्या तोंडून "आई गं" निघालं. एवढ्या लग्नांत अशी भाकरी त्याच्या हातून उतरली नव्हती.

ताटात ठेवलीच नाही त्यानं. तळहातावर घेतली, हात पोळला तरी धरून राहिला, आणि पोरीपुढं गुडघ्यांवर बसला.

"ज्वारी," तो म्हणाला. "पाणी. मीठ."

पोरीनं भाकरी घेतली. फिरवून बघितली. मग पदरात बोट खुपसलं. वाफ निघून गेली, भाकरी बसली. तिनं पदर सोलून काढला, आत बघितलं. वास घेतला. मग तुकडे करायला लागली. एकेक तुकडा उजेडाला धरायचा, चिमटीत चुरून बघायचा, खाली ठेवायचा. त्या भाकरीत काही म्हणता काही नव्हतं. शेवटचा तुकडासुद्धा तिनं चुरून बघितला.

मग सगळे तुकडे गोळा करून तिनं बापाच्या पुढ्यात ठेवले.

"आधी तुम्ही खा, आप्पा."

निवृत्तीनं तोंडात घास घातला. जन्मभर लोकांना जेवू घालणारा माणूस, पण त्याला तो घास गिळता येईना. पोरगी त्याच्या घशाकडं बघत होती. घास खाली उतरेपर्यंत बघत होती.

मग तिनं एक तुकडा उचलला. नखाएवढा. जिभेवर ठेवला.

"गोड नाही," ती म्हणाली.

"नाही," निवृत्ती म्हणाला.

तिनं तो खाल्ला. पुढचा उचलायच्या आधी पुन्हा बापाकडं बघितलं आणि थांबली. निवृत्तीनं आणखी एक घास खाल्ला. मग तिनं खाल्ला. असं चाललं. जेवण नव्हे ते. झडती. पण बरेचसे तुकडे संपले.

ऊन कलल्यावर निघायची वेळ झाली. पोरगी पुढं खिंडीच्या वाटेला लागली होती, पिशवी खांद्याला. निवृत्ती धुनीपाशी थांबला. बुवा राखेखाली निखारा सारत होते.

"बुवा, सगळं तुमच्या कायद्यानं केलं. समोर मळलं. नाव घेऊन वाढलं. तरी फोडून बघते. माझ्या तोंडावर नजर ठेवून खाते. हे थांबेल कधी?"

बुवांनी निखाऱ्यावर राख ओढली.

"भाकरी फुगली होती का?"

"फुगली होती? जन्मात कधी फुगली नाही अशी! अख्खी, बिनडागाची. पंगतीत मांडली असती तर लोकांनी उचलायच्या आधी नमस्कार केला असता."

"हं."

बुवा उठले. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत. दारापर्यंत त्याच्याबरोबर आले. वाटेवर मंजुळा थांबली होती, मागं वळून बघत होती. बापाची वाट बघत होती, की बाप काय करतो ते बघत होती, हे इतक्या लांबून कळणं शक्य नव्हतं.

"निवृत्ती."

"काय बुवा?"

"तिला आता भाकरी मोडूनच वाढत जा."